माइक चालू होता

तार तुटली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. चार बँडांच्या कार्यक्रमातला शेवटचा, म्हणजे पोस्टरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला बँड वाजवत होता. गाणं इंग्रजी, त्यातले र आणि ट अमेरिकेतले, विषय हायवेवरच्या एकटेपणाचा. दोन गाण्यांच्या मध्येही गायक इंग्रजीच बोलत होता: पुणेकर कसे आहेत, आवाज कुठाय, बारपाशी उभ्या असलेल्यांनी पुढे यावं. तेवढ्यात त्याच्या गिटारची तार तुटली. तो मागे वळला आणि ड्रम्सशेजारी उभ्या असलेल्या मित्राला म्हणाला, "अरे दे ना ती दुसरी, बघत काय बसलायस!" माइक चालू होता. खोलीतली शंभर-सव्वाशे माणसं एकदम हसली. कुणी शिट्टी मारली, मागून "दे ना रे त्याला!" असा आवाज आला. गायकही लाजून हसला. मग दुसरी गिटार गळ्यात अडकवून त्याने सूर जुळवले आणि तो पुन्हा अमेरिकेला निघून गेला.

त्या वीस सेकंदांत खोलीत जे झालं ते त्याच्या पाऊण तासात परत झालं नाही. मी वैतागून घरी आलो. तो वैताग अजून उतरलेला नाही, म्हणून हा लेख.

क्लबचं नाव देत नाही. नदीपलीकडचा, पाऊस पडला की पायऱ्यांवर पाणी साचणारा म्हटलं की जाणाऱ्यांना कळेल. बँडांचीही नावं देणार नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना नाव घेऊन झोडपणं मला जमत नाही, आणि एकाचंच नाव घेऊन स्तुती केली तर बाकीच्या तिघांना झोडपल्यासारखंच होतं. प्रवेश चारशे नव्याण्णव रुपये, मनगटावर जांभळा शिक्का. दारावरच्या मुलाने मला "काका, आत बसायला जागा नाहीये हां, उभं राहावं लागेल" असं काळजीने बजावलं. स्टेज जेमतेम वीतभर उंच. मधे एक खांब, त्यामुळे ड्रमर अर्धाच दिसतो. किक ड्रम वाजवता वाजवता पुढे सरकू नये म्हणून त्याच्यासमोर एक सिमेंटची वीट ठेवलेली असते. गेली काही वर्षं मी ती वीट पाहतो आहे. बँड बदलतात, वीट तीच.

पहिला बँड शब्दांशिवाय वाजवणारा. सात, अकरा, तेरा मात्रांची गणितं आणि नजर सतत पायाखालच्या पेडल्सवर. तयारी भरपूर, पण परीक्षेला बसल्यासारखी. तिसऱ्याने अभंगाला डिस्टॉर्शन लावलं. त्याबद्दल पुढे दोन-चार वाक्यं येतील, त्याहून जास्त नाहीत. लिहायचं आहे ते दुसऱ्याबद्दल.

हा दुसरा बँड नऊ वाजून दहा मिनिटांनी चढला. ही सगळ्यांत वाईट वेळ. लोक नुकते आलेले असतात, अर्धे बारपाशी रांगेत, अर्धे बाहेर सिगरेट ओढत. तिघंच जण: गिटार, ड्रम्स, आणि बेस वाजवत गाणारी एक मुलगी. शब्द तीच लिहिते असं नंतर कळलं. सहा गाणी झाली, सगळी मराठी, आणि त्यांत चंद्र, वारा, सखा, पैलतीर यांपैकी काहीही नव्हतं. भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट होतं. स्वारगेटला चाळीस मिनिटं न येणारी बस होती. दुपारी झोपेत असताना आलेले आईचे चार मिस्ड कॉल होते, आणि परत फोन करताना आधी खाकरून आवाज जागा केल्यासारखा करणं होतं.

त्यांतलं पाचवं गाणं मी अजून डोक्यातून काढू शकलेलो नाही. तीन वर्षं एकत्र राहिलेल्या चौघांपैकी एक जण खोली सोडून चाललाय. गाण्यात रडारड नाही, हिशोब आहे. सिलिंडरच्या डिपॉझिटमधला त्याचा वाटा किती, मिक्सर कुणाचा, फ्रिज कितीला विकायचा, बाल्कनीतली कुंडी कोण घेणार. गिटार दोनच सुरांवर टकटक करत राहते, लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी याद्या तपासाव्यात तशी. आणि ध्रुवपदात एकच शब्द आहे: येतो.

आपण निघताना "जातो" म्हणत नाही. म्हटलंच तर घरातली म्हातारी माणसं "येतो म्हण" असं दटावतात. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण माझ्या माहितीत या मुलीच्या आधी त्यावर गाणं रचायचं कुणाला सुचलेलं नाही. पहिल्यांदा ती "येतो" म्हणते ते अगदी सहज, चपला घालता घालता म्हणावं तसं. दुसऱ्यांदा ड्रम्स थांबतात, नुसता बेस उरतो आणि "तो" चार आवर्तनं लांबतो. तिसऱ्या वेळेपर्यंत ऐकणाऱ्याला कळलेलं असतं की हा काही परत येणार नाही. तेव्हा बारपाशी स्टेजकडे पाठ करून उभे असलेले लोक वळले आणि त्यांनीही तो सूर धरला. शेजारचा एक जण, ज्याला बँडचं नावही माहीत नव्हतं, हातातला ग्लास तसाच धरून गात होता. शब्द म्हणतो एक, माणूस करतो उलट. हे इंग्रजीत लिहून दाखवा, मी चारशे नव्याण्णव परत मागणार नाही.

आता, मराठीत रॉक बसत नाही असं मी गेली तीस वर्षं ऐकत आलोय. म्हणणारे कधी तपशिलात जात नाहीत, म्हणून मी जातो.

पहिला आक्षेप असतो की इंग्रजीत एकाक्षरी, ठोसा मारणारे शब्द असतात आणि मराठी शब्द लांबट, गोलगोल. हा आक्षेप घेणाऱ्याने मराठी आज्ञार्थ कधी ऐकलेला नाही. बस. ऊठ. चल. थांब. सोड. जा. घे. दे. दिवसभर आपण एकमेकांवर हेच फेकत असतो. घर, दार, वाट, काळ हे शब्द बोलताना आपण शेवटचा अ गिळतो आणि शब्द व्यंजनावर खाडकन बंद होतो. भावगीतात तो अ पुन्हा उघडून लांबवला जातो, म्हणून शब्द गोल वाटतात. तो दोष गायकीच्या सवयीचा, भाषेचा नाही. ही मुलगी "घर" म्हणते तेव्हा र वर स्नेअर पडतो आणि शब्द तिथेच तुटतो. ट, ठ, ड, ळ, ण ही तर आपल्या जिभेची ढोलकीच आहे.

दुसरा आक्षेप यमकाचा, आणि तो खरा आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मग प्रत्येक ओळ तो-ते-ला-ली वर संपते आणि गाणं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं ऐकू येतं. पण बोलताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो का? "आलीच नाहीस तू काल." "दिले का त्याने पैसे?" रागात, घाईत, प्रेमात मराठी वाक्य हवं तसं उलटतं. या बँडच्या शब्दांची मला दिसलेली मोठी युक्ती हीच: वाक्य बोलीतलं ठेवायचं, यमक जमलं तर ठीक. सहापैकी दोन गाण्यांना यमकच नव्हतं आणि ते मला घरी आल्यावर लक्षात आलं.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, तालाची आहे, आणि इथे अभंगवाल्यांबद्दलची ती वाक्यं. मोठ्या अभंगाची अक्षरं सहा-सहा-सहा-चार. शेवटचा चरण आखूड, म्हणजे तिथे श्वास मोकळा राहतो. वारकरी त्या मोकळ्या जागेत टाळ-मृदंग येऊ देतात, फ्यूजनवाले तिथे गिटारचा सोलो कोंबतात आणि उरलेल्या जागेत स्मोक मशीन सोडतात. अभंग रीपोस्टसारख्या पहिल्या मंडळींच्या तयारीबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामागून आलेल्या दहा जणांनी तुकोबांना फक्त फुकटचा गीतकार म्हणून वापरलं आहे. संपला विषय.

स्टेजवरून उतरलेल्या मुख्य बँडच्या गायकाला मी पानाच्या टपरीपाशी गाठलं. चांगला मुलगा आहे, नम्र आहे, वाजवतोही उत्तम. विचारलं, मराठीत का नाही लिहीत? तो म्हणाला, "काका, मराठीत क्रिंज होतं."

मी दोन दिवस त्या वाक्यावर चिडून होतो. तिसऱ्या दिवशी वाटलं, अर्धं बरोबर आहे त्याचं. त्याच्या कानावर पडलेलं मराठी गाणं कोणतं? पाठ्यपुस्तकातल्या कवितांना लावलेल्या चाली. लग्नाच्या व्हिडिओखाली लावतात ती सिनेमाची गाणी. दिवाळी पहाट. आईवडिलांच्या गाडीतलं "आयुष्यावर बोलू काही", ज्याने एका पिढीला हळवं होण्याची सोय करून दिली आणि पुढची पिढी गाडीतून उतरून गेली. या सगळ्यात तो स्वतः जे मराठी बोलतो ते कुठेच नाही. त्याला लाज मराठीची वाटत नाही, गाण्यातल्या मराठीची वाटते. आणि "मराठीत क्रिंज होतं" हे वाक्य किती फर्मास मराठी आहे हे त्याच्या गावीही नाही.

दोष त्याचा नाहीच. मराठी कवितेने बोलीपासून तुटलेल्या भाषेचं हे ओझं कधीच उतरवून ठेवलं. मर्ढेकरांच्या "काही कविता" १९४७ च्या. ढसाळांचा "गोलपिठा" १९७२ चा. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या फुटपाथवरची हिंदी-मराठी जशीच्या तशी कवितेत आणली. तेच कोलटकर पखवाज शिकले होते, आणि सत्तरच्या दशकात त्यांनी स्वतः इंग्रजी गाणी लिहून, गाऊन ध्वनिमुद्रितही करून पाहिली होती. म्हणजे आमचा सगळ्यांत आधुनिक कवीसुद्धा गिटारच्या वाटेला गेला तेव्हा इंग्रजीत गेला! मला हा प्रसंग आठवला की हसूही येतं आणि पोटात कालवतंही. कवितेने १९४७ साली जे केलं ते गाण्याने अजून केलेलं नाही, आणि ते का केलं नाही याचं उत्तर संगीतात नाही, कामाच्या वाटणीत आहे.

भावगीताच्या कारखान्यात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाची छप्पन गाणी गदिमांनी लिहिली आणि बाबूजींनी चाली लावल्या. त्या उंचीबद्दल वाद घालणारा मी कोण? पण त्या यशाने आपल्या कानाला एक सवय लागली: शब्द हे कुणी तरी मोठ्या माणसाने लिहून द्यायचे असतात. बँड ही याच्या नेमकी उलटी गोष्ट आहे. जो ओरडतो त्यानेच लिहायचं. आपल्याकडे ही रीत होती की. शाहीर स्वतःच लिहीत आणि स्वतःच गात. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक म्हणजे दुसरं काय होतं? तमाशाच्या फडात ढोलकी असते, तुणतुणं असतं, आणि कवनाची ओळ संपता संपता वरचा सूर उचलून धरणारे झीलकरी असतात. लीड, रिदम आणि बॅकिंग व्होकल्स, वर गावोगाव फिरणं. लगेच कुणी स्टेजवर तुणतुणं आणू नये. ते आणलं की पुन्हा फ्यूजन. मला हवी आहे ती रीत, वाद्य नको.

मुंबईच्या रॉकचा इतिहास इथे सांगायची गरज नाही. रंगभवन, १९८६ पासूनचं इंडिपेंडन्स रॉक, रॉक मशीनचं इंडस क्रीड होणं, शांतता क्षेत्राच्या शंभर मीटरांत सापडून रंगभवनचं मुकं होणं, मग लोअर परळच्या गिरणीतला ब्लू फ्रॉग आणि २०१६ मध्ये त्याचंही मिटणं. दर पाच वर्षांनी कुणीतरी याची उजळणी करतं आणि डोळे पुसतं. मी पुसत नाही. त्या रॉकच्या रात्रींत मराठी असं काय होतं? जागेचं नाव आणि वडापाववाला. एक वाट निघाली होती ती नाटकातून. अलेक पदमसींच्या "जीझस क्राइस्ट सुपरस्टार"मधला जुडास, म्हणजे आपले नंदू भेंडे, १९७८ मध्ये पु. लं.च्या "तीन पैशाचा तमाशा"त मराठीत गायले. अस्सल रॉकचा गळा, समोर मराठी प्रेक्षक, आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे बसत होतं! आत्माराम भेंड्यांच्या घरातला मुलगा होता तो, मराठी त्याला शिकवावी लागली नव्हती. पण नाटक संपलं, आणि त्या पायवाटेचा रस्ता काही झाला नाही.

शेजारी बघा. कोलकात्यात १९७५ साली मोहीनेर घोडागुली हा बँड सुरू झाला, नावच जीवनानंद दासांच्या कवितेतून उचललेलं. पुढे त्यांच्या खांद्यावर फॉसिल्स, चंद्रबिंदू, कॅक्टस अशी अख्खी फळी उभी राहिली. आज बंगालीतला रॉक ही कोलकाता आणि ढाका दोन्हीकडे जनतेची चीज आहे. केरळात अवियल नावाच्या बँडने २००८ मध्ये मल्याळममध्ये अख्खा अल्बम काढला आणि तो जाडजूड गिटारींचा आहे, कथकलीचा मुकुट घालून आलेला नाही. दिल्लीच्या इंडियन ओशनने "मा रेवा" म्हणत नर्मदेच्या खोऱ्यातलं गाणं देशभर नेलं. नर्मदा आपल्याही नंदुरबारला शिवून जाते हो! चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्हने तिथल्या वस्त्यांतली गाना गाणी आणि आंबेडकर एकत्र आणून स्टेज हलवलं, आणि आंबेडकरी जलशांची शंभर वर्षांची पुंजी ज्यांच्याकडे आहे ते आपण ते यूट्यूबवर बघून शेअर केलं.

मराठीत हे कुणी केलंच नाही असं नाही. रॅपवाल्यांनी केलं. स्वदेसीच्या पोरांनी आरेच्या जंगलासाठी तिथल्याच प्रकाश भोईरांना सोबत घेऊन "द वारली रिव्होल्ट" केलं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांच्या "तांबडी चामडी"वर तर परदेशातल्या नाचघरांत लोक नाचले, त्यांना शब्द कळत नव्हते तरी. रॅपरला ना ड्रम्स लागतात, ना क्लब, ना भाड्याची बॅकलाइन. एक बीट आणि एक फोन पुरतो. पण हे अर्धंच कारण आहे. दुसरं अर्धं असं की ही पोरं चाळींतून, वस्त्यांतून, जिल्ह्याच्या गावांतून आली. मराठी ही त्यांच्याकडे असलेली पहिली आणि सगळ्यांत धारदार वस्तू होती. गिटारवाली पोरं दुसऱ्या घरांतून येतात. बरी गिटार, अँप, पेडल्स, सरावाच्या खोलीचं तासाचं भाडं हे ज्याला परवडतं तो बहुतेक इंग्रजी शाळेत गेलेला असतो, आणि त्याने कोणत्या भाषेत स्वप्नं बघायची हे त्याच्या आईवडिलांनी बालवाडीच्या प्रवेशअर्जावर ठरवलेलं असतं. "आम्ही इंग्रजीतच विचार करतो" असं ही मुलं म्हणतात तेव्हा मी मान डोलावतो. तार तुटल्यावर मात्र इंग्रजीत विचार करत नाहीत.

यात मी स्वतःला वगळत नाही. १९९२ ते ९५ मी एका कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवत होतो आणि चार गाणी लिहिली, चारही इंग्रजी. त्यांतलं एक हायवेवर होतं. तोवर हायवे मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला होता, आणि कात्रजच्या घाटात तर डोळे मिटूनच. एका सरावाला आमच्या ड्रमरने गंमत म्हणून आमच्या मेसच्या मावशींवर मराठीत एक कडवं रचलं. आम्ही हसून लोळलो आणि ते कधी स्टेजवर वाजवलं नाही. ती चारही इंग्रजी गाणी मी विसरलो. मावशींचं कडवं आजही पाठ आहे. ते इथे छापणार नाही, मावशी होत्या त्या.

आणि आजच्या पोरांना मराठीत वाजवता येत नाही असंही नाही, हे सगळ्यांत जास्त चीड आणणारं. आंतरमहाविद्यालयीन फिरोदिया करंडकाच्या दिवसांत पुण्यात कुठल्याही कॉलेजात जाऊन बघा. पंधरा-वीस जणांचा ताफा, महिनाभर रात्री जागून बसवलेली नवी मराठी गाणी, कीबोर्ड, ड्रम्स, गिटार सगळं जागेवर वाजतंय. शब्दही त्यांनीच लिहिलेले, आणि क्रिंज कुणालाही वाटत नाही, कारण नाटकाच्या गोष्टीला ते शब्द लागतात. करंडक संपतो, सेट मोडतो, गाणी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात जाऊन पडतात. आणि तोच ड्रमर, अगदी तोच, मुख्य बँडमागे खांबाआड बसून अमेरिकन हायवेला ठेका देत होता. मी त्याला ओळखलं. त्याने दोन वर्षांपूर्वी एका एकांकिकेत ताशाचा तर्रा स्नेअरवर असा काढला होता की परीक्षक उठून उभे राहिले होते. त्या रात्री त्याला साधी किक-स्नेअर देताना बघून मला वाटलं, उठून त्याच्या हातातल्या काठ्या घ्याव्यात.

क्लबवाल्यांचं गणित मला कळतं. त्यांचा धंदा गल्ल्यावर चालतो, गाण्यावर नाही. जुन्या इंग्रजी बँडांच्या ट्रिब्यूट नाइटला खोली भरते, बियर खपते. मंगळवारी नव्या पोरांना चढवलं तर पोरांचे मित्र येतात, पाणी पितात आणि जातात. उघड्यावरचा स्पीकर दहाला बंद करावा लागतो, बंद खोलीत चालतो, म्हणून खिडक्यांना गाद्या लावायचा खर्च वेगळा. ठीक. पण मग निदान स्वतःला "लोकल सीन"चे आश्रयदाते म्हणवून घेऊ नका. २०१० पासून पुण्यात वीकेंडर हा संगीत महोत्सव भरायला लागला तेव्हा सगळ्यांना मैदानांची स्वप्नं पडली. गाणं मात्र मैदानावर तयार होत नाही, ते सव्वाशे माणसांच्या खोलीत पडतं-धडपडतं, आणि तिथे मराठी गाण्याला नऊ वाजून दहाची वेळ मिळते.

आणि आपल्या नियतकालिकांचं काय? दिवाळी अंक उघडा. भावगीताच्या सुवर्णयुगावर लेख, बालगंधर्वांवर लेख, एखाद्या गायकाच्या जन्मशताब्दीवर परिसंवाद. जिवंत माणूस काय गातोय यावर चार ओळी नाहीत. तरुण मराठीकडे पाठ फिरवतात म्हणून गळे काढणारे संपादक रात्री नऊनंतर घराबाहेर पडत नाहीत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला २०२४ मध्ये. आनंद आहे. पण त्या मुलीला मायक्रोफोनचा स्टँड स्वतःच्या घरून आणावा लागला, कारण क्लबचा एक मोडका होता आणि दुसरा मुख्य बँडसाठी राखून ठेवला होता. अभिजात भाषेला एक स्टँड मिळू नये? भाषेच्या प्रेमाचा एवढा गलबला करणाऱ्या शहरात ढोल-ताशाच्या पथकांना महिनोन्महिने नदीकाठी सरावाला जागा मिळते आणि तीन पोरांच्या मराठी बँडला सरावासाठी तासाला पैसे मोजून बंद गाळ्यात बसावं लागतं, याचा राग मला एकट्यालाच यावा हे मला पटत नाही.

मुख्य बँडच्या त्या गायकाला मी टपरीवर शेवटी एवढंच म्हणालो, की पुढच्या कार्यक्रमात एक गाणं असं कर, जे तार तुटल्यावर तू बोललास त्या भाषेत आहे. तो हसला. म्हणाला, बघू. मग हेल्मेट घालताना म्हणाला, "चला काका, येतो." मला वाटतं त्याच्या ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या बँडची ती तिघं पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्याच खोलीत वाजवणार आहेत, पुन्हा दुसऱ्याच क्रमांकावर. पोस्टरवर साडेआठ लिहिलेलं असतं, यांची पाळी नऊच्या पुढेच येते, पण तुम्ही वेळेवर या आणि बारकडे पाठ करून उभे राहा. गाडी गल्लीत लावू नका, टोइंगवाले उचलतात. बँडचं नाव दारावरच्या मुलाला विचारा. आठवलं नाही तर "ते येतोवाले" म्हणा, त्याला कळतं.